किल्ली फिरवण्याआधीचं मिनिट

फोन आला तेव्हा मी कारध्याच्या घरी, अंगणात ऊन घेत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. प्रणालीचा फोन. प्रणाली म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, वसंताची मुलगी. बापलेक दोघे सकाळीच सिहोऱ्याला नात्यातल्या साखरपुड्याला गेले होते. "आत्या, भंडाऱ्याले ये," एवढं बोलली आणि थांबली. मागून माणसांचे आवाज, कोणीतरी स्ट्रेचर म्हणालं. मला वाटलं, गाडी कुठे ठोकली. मी विचारलं, "कोणाले लागलं का वो?" तर म्हणते, "लागलं नाही कोणाले. बाबा गेले." मी फोन बाजूला ठेवला आणि पुढची शेंग उचलून सोलली. हे मला स्वच्छ आठवतं. दाणे वाटीत टाकले, साल सुपात टाकलं, आणखी एक शेंग घेतली. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन "काय झालं" म्हणाली, तेव्हा मी तोंडाने सांगितलं की वसंता गेला… आणि माझं बोलणं माझ्या कानांनी ऐकलं तेव्हा कुठे हातातली शेंग खाली पडली.

काही आठवडे झाले त्याला. पेपराच्या या पुरवणीत लोक आपल्या माणसांविषयी लिहितात ते मी नेहमी वाचते. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वाचन किराणा बांधून आलेल्या कागदांवर आणि मग पेपरावर झालं. आपणही एक दिवस लिहू असं वाटायचं, पण ते वसंतावर लिहावं लागेल असं कधी मनात आलं नव्हतं. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. माझ्या कडेवर वाढलेला. लिहायचं तर त्यानं माझ्यावर लिहायचं होतं.

कारध्याला हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. रस्त्याच्या अलीकडे माझं घर, पलीकडे गॅरेज आणि गॅरेजच्या मागे त्याच्या दोन खोल्या. डिझेल गाड्यांचं सगळं काम करायचा, पण लोक येत ते टर्बोसाठी. आता वाचणाऱ्या बायांना वाटेल, ही म्हातारी टर्बो काय सांगून राहिली. तर मी सांगते, कारण ते मला कळायला माझ्या पोरवयातल्या सगळ्या दुपारी खर्च झालेल्या आहेत.

आमचे वडील भंडाऱ्याला पितळेच्या कारखान्यात ओतकाम करायचे. भट्टी जमिनीत, तिच्यात कोळसा, कोळशात पितळ वितळवायची मूस, आणि भट्टीला हवा द्यायला हाताने फिरवायचा लोखंडी पंखा. त्याला आम्ही भाताच म्हणायचो. दुपारचं तो फिरवायचं काम आम्हा पोरांकडे. दांडा हळू फिरवला तर कोळसा नुसता लाल होऊन बसायचा, जोरात फिरवला की पांढरा व्हायचा आणि मूस खदखदून बोलायला लागायची. वसंता अगदी लहान होता तेव्हापासून त्या पंख्याच्या तोंडाशी बसायचा. एकदा मी फिरवत असताना त्यानं पंख्याच्या तोंडावर पूर्ण तळहात दाबून धरला. दांडा मला एकदम हलका लागला, म्हणून मी पाहिलं. तो ओरडून सांगतो, "ताई, हवा हाताले कशी ढकलून राहिली पाह्य, केवढा जोर आहे." वडिलांनी भट्टीकडे बोट दाखवलं. कोळसा काळा पडत चालला होता. "जोर तुझ्या हाताले आहे," ते म्हणाले, "भट्टीले काय भेटलं?" पोरगं हात काढून कितीतरी वेळ कधी पंख्याकडे तर कधी भट्टीकडे पाहत राहिलं. पुढे गॅरेजमध्ये हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, की दाब वेगळा आणि हवा जाणं वेगळं. कोणी दाब वाढावा म्हणून टर्बोची दांडी आवळून आणायचा आणि दाबाचा काटा किती वर जातो ते कौतुकाने दाखवायचा, पण गाडी मात्र ओढत नसे. वसंता म्हणायचा, "काटा दाब दाखवते गा. पुढचा रस्ता चोंदला असला तरी काटा वरच जाते. इंजिनमंधी हवा किती गेली थे मले सांग."

तर टर्बो म्हणजे तो भाताच, फक्त तो फिरवायला पोर बसवत नाहीत. इंजिनातून जो धूर जोरात बाहेर पडतो, जो तसाही वाया जाणार, त्याच्या वाटेत एक लहानसा पंखा. त्या पंख्याच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा खेचून इंजिनात कोंबतो. हवा जास्त गेली की डिझेल पूर्ण जळतं, आणि तेवढंच इंजिन दुप्पट ओझं ओढतं. दाबलेली हवा तापते, तापली की विरळ होते, म्हणून वाटेत तिला जाळीतून थंड करायचं. आमच्याकडे मे महिन्यात गाड्या सुस्तावतात त्याचं हेच कारण, हवाच पातळ झालेली असते. हे सगळं मला वसंतानं भाकरी खाता खाता सांगितलेलं. "तू चुलीत फुंकणीनं फुंकते न ताई, तेच." मी म्हणायचे, "फुंकून फुंकून माझे गाल गेले, तुझ्या गाडीचं काय जाते." त्यावर हसायचा, पण आवाज न करता. त्याचं हसणं तसंच होतं, खांदे हलायचे.

आमच्याकडे धानाच्या गिरण्या पुष्कळ. कोंड्याची धूळ हवेत असतेच, आणि ती गाडीच्या हवा गाळायच्या जाळीत जाऊन बसते. एका गिरणीच्या पिकअपवाल्या ड्रायव्हरनं शक्कल काढली. बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन हवा आत जायच्या तोंडावर घट्ट बांधला, दुहेरी करून. जाळी स्वच्छ राहिली, मग गिरणीतल्या सगळ्यांनीच आपापल्या घरची लुगडी फाडली. महिनाभरात गाड्या काळा धूर ओकायला लागल्या, टर्बोतून तेल ओढलं जायला लागलं, चढावर तर पार बसायच्या. तो ड्रायव्हर तक्रार घेऊन आला. वसंतानं बॉनेट उघडलं, लुगड्याचा काठ पाहिला. तुकडा सोडवला, नीट घडी केली आणि ड्रायव्हरच्या हातात देऊन म्हणाला, "हे तोंडाले बांध, अन् पुलापर्यंत पळत जाऊन ये." ड्रायव्हर म्हणे, "मस्करी करता का भाऊ." "मस्करी त्वा केली गाडीसंगं, मी कायले करू. पळणाऱ्याच्या तोंडाले कोणी बांधते का?" मग मात्र त्यानं सगळ्या गिरणीच्या गाड्या एकेक करून बोलावल्या आणि हवेचं तोंड वर, टपाजवळ नेऊन दिलं, जिथे धूळ कमी. तेव्हापासून तो ड्रायव्हर आमच्या घरचाच झाला.

आता मला जे सांगायचं आहे त्याच्याकडे येते. इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत बसले, कारण तिकडे जायला पाय उचलत नाही.

टर्बोच्या गाडीची एक रीत असते. गाडी जोरात पळवून आणली की लगेच किल्ली फिरवून बंद करायची नाही. आतला पंखा भयंकर वेगाने फिरत असतो, तापून लाल झालेला असतो, आणि त्याच्या दांड्याला तेल मिळतं ते इंजिन चालू असेपर्यंतच. इंजिन बंद, तेल बंद, पंखा मात्र फिरतोच. तेल तिथेच जळतं, दांडा झिजतो. म्हणून थांबल्यावर मिनिटभर गाडी तशीच हळू चालू ठेवायची. गॅरेज नवीन असताना एकाची गाडी अशीच गेली होती, आणि तेव्हापासून वसंतानं ही रीत घरात आणली. कुठूनही आलो, लग्नाहून आलो, बाजारातून आलो, घरासमोर गाडी उभी राहिली की कोणी उतरायचं नाही. मिनिटभर सगळे आत बसून. पोरीबाळी कुरकुर करायच्या, पण बसायच्या. पाहुणे उतरायला दार उघडत तर प्रणाली लहानपणी त्यांचा हात धरायची, "थांबा न, तिचा दम जाऊ द्या."

आणि त्या मिनिटात वसंता बोलायचा. घरात हा माणूस अबोल. जेवताना ताटाकडे पाहून जेवणार, विचारलं तर हूं. पण गाडी उभी राहिली, इंजिन गुरगुरत असलं आणि समोर काचेतून पाहायचं असलं की त्याच्या तोंडून शब्द निघत. माझ्या नवऱ्याच्या मागे मी खचले होते, तेव्हा "ताई, तू अन् मी समोरासमोरच राहू" हे त्यानं त्या मिनिटात म्हटलं. प्रणाली शाळेत असताना तिची आई गेली. हॉस्पिटलमधून परत आलो त्या दिवशी तो घरासमोर गाडी चालू ठेवून किती वेळ बसला होता कोण जाणे, आणि मला म्हणाला, "पोरीले वेणी घालता येत नाही मले." मग मी घातल्या तिच्या वेण्या. प्रणालीनं डिप्लोमानंतर लागलेली पुण्याची नोकरी सोडली आणि गॅरेजमध्ये हात काळे करायचं ठरवलं, तेही बापाला तिनं तिथेच सांगितलं. मी मागच्या सीटवर होते. तो म्हणाला, "नखं कापत जाशीन." तेवढाच होकार.

प्रणाली त्याला सांगायची, "बाबा, हळूहळू आलो असलो तर वाटेतच थंड होते थे. दर वेळी बसायची गरज नाही. नवीन गाड्यांले तर नाहीच." शिकलेली पोरगी, तिचं बरोबरच असणार. तो म्हणायचा, "राहू दे न वो. बस."

त्या दिवशी सिहोऱ्याला जेवण झालं, आणि वसंताला बरं वाटेना. हे आम्हाला नंतर तिकडच्या लोकांनी सांगितलं. सोडा मागून प्याला, एका खोलीत आडवा झाला, परत सोडा प्याला. थंडीचे दिवस आणि बनियन घामानं भिजलेली. कोणी विचारलं तर "बुंदी जास्त झाली." प्रणाली बायांमध्ये बसली होती, तिला काही नाही सांगितलं. निघताना म्हणाला, "गाडी तूच चालव." एवढंच. तुमसर मागे पडलं, मोहाडी मागे पडली, तोवर खिडकीला डोकं टेकून होता. वरठीजवळ म्हणाला, "बाई, छातीवर कोणी बसल्यासारखं होऊन राहिलं." मग पोरीनं गाडी जी काढली… ती सांगते तेव्हा तिचे हात अजून स्टेअरिंग धरल्यासारखे होतात. भंडाऱ्यात एका खासगी दवाखान्याच्या फाटकाशी आणून उभी केली. तिथवर तो बोलत होता. उलट थोडा हुशार वाटला तिला, कारण म्हणाला, "मस्त आणली."

आणि पोरीचा हात किल्लीकडे गेला, तसा तो म्हणाला, "लगेच नको बंद करू. तापली आहे. दम जाऊ दे तिचा."

ती बसली. बाप बोलत होता, समोरच दवाखाना होता, आणि आयुष्यभर ज्या सीटवर बसून ते मिनिट काढलं त्याच सीटवर ती बसली. तो काचेतून समोर पाहत होता. "तुझ्या आत्यासाठी बुंदी घेतली का?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "घेतली." मग काही बोलला नाही. तिला वाटलं, पुढचं काही सांगायला थांबला आहे. नेहमी तसाच थांबायचा. तिनं वाट पाहिली… आणि वळून पाहिलं तेव्हा मान खाली आली होती.

हे मी प्रणालीला विचारून लिहिते आहे. मी म्हटलं, नको लिहू का? ती म्हणाली, "लिही आत्या. लोकं दुसरंच काहीबाही बोलून राहिले."

लोक तर बोलणारच. मयतीच्या दिवशीच एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाला, ज्यानं इतक्या गाड्यांना हवा दिली त्यालाच शेवटी श्वास पुरला नाही पाहा. फार छान बोलल्यासारखा उभा होता. मला त्याच्या अंगावर तांब्या फेकावासा वाटला. माझा भाऊ गेला होता, आणि याला वाक्य सुचत होतं.

प्रणालीनं त्या दिवसापासून गॅरेजचं शटर उघडलं नाही. गाडीला हात लावला नाही. भंडाऱ्याला जायचं तर ऑटोनं. रात्रीचं जेवण मी घेऊन जायचे, ती दोन घास खाऊन एकच गोष्ट बोलायची. "फाटकापाशी होतो आत्या. दार उघडून ओरडली असती तर चार माणसं धावली असती. मी बसून राहिली." मी सांगायचे, त्यानंच सांगितलं होतं तुला. ती म्हणे, "तो पेशंट होता. त्याचं काहून ऐकलं मी?" राग यायचा मला, आणि तो वसंतावर यायचा. पाइपाला केसाएवढी चीर असली तर हा माणूस चालू इंजिनजवळ डोळे मिटून उभा राहून बोट ठेवायचा, इथे गळते. गिऱ्हाइकांना रागवायचा, की धूर काळा झाला तेव्हाच काहून नाही आणली. आणि स्वतःचं अंग दुपारपासून सांगत होतं, तर सोडा प्याला. मेलेल्या माणसावर रागावणं चांगलं नाही म्हणतात. मी रोज रागावते.

शेवटी मी एकटीच त्या दवाखान्यात गेले. बराच वेळ बाकावर बसले, मग डॉक्टरांनी आत बोलावलं. तरुण आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं, टर्बोसुद्धा सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मावशी, त्या एका मिनिटाचं मी काही सांगू शकत नाही. खोटं सांगून तुम्हाला पाठवणार नाही. पण त्रास दुपारी सुरू झाला होता. तुमसरलाच थांबायला पाहिजे होतं. तेव्हाचा उशीर फार मोठा होता." मी घरी येऊन प्रणालीला तसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं, हलकी होईल. ती म्हणाली, "म्हणजे उशिरात थे मिनिटही धरायचंच." आणि भांडी घासायला उठली.

मग मागच्या आठवड्यात तो लुगडंवाला ड्रायव्हर आला. पिकअप दुरूनच शिटी वाजवत आली, तांदूळ शिजताना कुकरची सुरू होते तशी बारीक. मी माझ्या दारात होते. तो उतरला, बंद शटर पाहून डोक्यावरचा रुमाल काढला आणि माझ्याकडे आला. "ताई, दुसरीकडे दाखवली. टर्बोच बदला म्हणते थो. मालक एवढ्या खर्चाचं ऐकून घेत नाही." मी म्हटलं, बाबा, माझ्या हातात काय आहे. तेवढ्यात पलीकडे शटर कमरेएवढं वर झालं आणि त्याच्याखालून प्रणाली वाकून बाहेर आली. कपड्यांवरून दिसत होतं की झोपलेली होती.

"बॉनेट खोल," ती म्हणाली. "रेस दे. आणखी दे."

ती वाकली, डोळे मिटले, आणि टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या जाळीकडे जाणाऱ्या रबरी पाइपावरून तळहात फिरवत नेला. एका पट्टीजवळ हात थांबला. शिटी थांबली. हात उचलला, परत सुरू झाली. "टर्बोले काही नाही झालं," ती म्हणाली, "दाबलेली हवा इथूनच निघून जाऊन राहिली. आत पोचतच नाही." ड्रायव्हर इतका खूश झाला की म्हणाला, "भाऊच उभा राहिला बाप्पा समोर," आणि मग आपणच तोंड फिरवून रुमालानं पुसायला लागला. पोरगी अर्ध्या शटरखालून वाकून आत गेली, पाइप आणला, बदलला. मग ड्रायव्हर म्हणतो, "एक चक्कर मारून पाहा न तुमी. भाऊ पायत होते. रस्त्यावर घेतल्याबिगर देत नव्हते."

ती कितीतरी वेळ हात पुसत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आत्या, चल संगं."

मी पायातल्या घरच्या चपलेनंच निघाले. तिनं पुलावरून घेतली, खाली वैनगंगा, पलीकडे भंडारा. निघताना गाडी दोनदा बंद पडली होती तिच्या हातून. मग पुढे मोकळा रस्ता लागला आणि तिनं दाबली. मला सीटमध्ये मागे ढकलल्यासारखं झालं. शिटी नाही, धूर नाही. परत येताना जोरातच आणली, आणि गॅरेजसमोर उभी केली.

इंजिन चालू होतं. मी समोर काचेकडे पाहत राहिले. मला वाटलं, ही आता किल्ली फिरवून टाकेल, बापाची रीत मोडेल, आणि मोडली तर बरंच होईल. मग वाटलं, बसून राहील, आणि बसली तर हिला इथून बाहेर कसं काढू. माझे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते. तिनं किल्लीला हात लावलाच नाही. गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दार उघडून उतरली. समोरून फिरून माझ्या बाजूला आली. माझं दार उघडलं.

"उतर आधी," ती म्हणाली.

"अन् गाडी?"

"थे राहते चालू. तिच्यासाठी आत कोणी बसायची गरज नसते आत्या. कधीच नव्हती."

पिकअपची पायरी उंच, आणि माझे गुडघे असे. तिनं मला दोन्ही काखांत हात घालून खाली घेतलं, लहान पोराला घेतात तसं. ड्रायव्हर उभाच होता. आम्ही तिघे गाडीबाहेर, तिच्या गरम बॉनेटजवळ उभे राहिलो. मग प्रणाली म्हणाली, "बाबाले बोलायचं असायचं, म्हणून बसवायचा आपल्याले." मी मान हलवली. मला तेव्हा रडू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि ती माझी पाठ थोपटत राहिली. मग खिडकीतून हात घालून तिनं किल्ली फिरवली, आणि जाऊन शटर पूर्ण वर ढकललं.